दंतहीन मुखाचे माप आणि डिजिटल स्कॅनर



ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हा ज्या मराठवाड्याचा नित्याचा आहार, तेथे सर्व दात पडलेल्या वृद्धास भाकरी वरणात कुस्करून गिळावी लागते. आहार घटतो, प्रकृती खालावते. उच्चार अस्पष्ट झाल्याने तो चारचौघांत बोलण्यासही संकोचतो. अशा व्यक्तीस नीट बसणारी कवळी मिळणे हा आरोग्याचा आणि प्रतिष्ठेचाही प्रश्न आहे.

कवळीचा पाया म्हणजे मुखाचे अचूक माप. पूर्वापार हे माप मऊ पदार्थ तोंडात दाबून घेतले जाते. १९८५ मध्ये झुरिच विद्यापीठात तोंडातच प्रकाशाच्या साहाय्याने माप घेऊन संगणकाद्वारे दाताची भरणी तयार करण्यात आली. त्या तंत्राचा पुढे मोठा विकास झाला. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत दंत महाविद्यालये असल्याने तेथील रुग्णांच्याही मनात या नव्या यंत्राविषयी अपेक्षा निर्माण होणे स्वाभाविक आहे. तथापि, दंतहीन मुखात या यंत्रापुढे काही विशेष अडचणी उभ्या राहतात.

स्कॅनर तोंडातील लहान लहान भागांच्या प्रतिमा घेतो व संगणक त्या एकमेकींस जोडतो. शेताच्या मोजणीस हद्दीचे दगड लागतात, तशा या जोडणीस निश्चित खुणा लागतात. दातांच्या कडा व उंचवटे त्या खुणा पुरवितात. दात नसलेली हिरडी मात्र गुळगुळीत, लाळेने ओली व चकाकणारी असते. त्यामुळे जोडणी चुकते आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चूक वाढत जाते.

दुसरी अडचण हालचालीची. कवळीची कड कोठे संपावी, हे ओठ, गाल आणि जीभ यांच्या हालचालींवरून ठरते. हाताने माप घेताना दंतवैद्य रुग्णास या हालचाली करावयास लावून कडा घडवितो. स्कॅनरसाठी मात्र गाल व ओठ बाजूस ओढून धरावे लागतात. साहजिकच त्यांची खरी मर्यादा नोंदली जात नाही. खालच्या जबड्यात हिरडी अरुंद आणि जीभ सतत चळणारी असल्याने हे काम अधिकच कठीण होते. शिवाय हिरडीवर दाब पडल्यावर ती किती दबेल, हे प्रकाशास कळत नाही. वरचा व खालचा जबडा कोणत्या अंतरावर मिटावा हे दाखविणारे दातच नसल्याने, त्यासाठी बहुधा मेणाच्या कडांचा आधार घ्यावा लागतो.

यावर उपाय आहेत. हिरडी कोरडी करणे, तिच्यावर तात्पुरत्या खुणा लावणे आणि स्कॅनर ठरावीक क्रमाने फिरविणे यांचा उपयोग होतो. हाताने घेतलेले माप किंवा जुनी कवळी बाहेर स्कॅन करण्याचा मार्गही उपलब्ध आहे. त्यामुळे नोंद संगणकात राहते व कवळी हरवल्यास नवी करणे सुलभ होते.

केंद्र शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना द्यावयाच्या साधनांत कवळीचाही समावेश करण्यात आला. परंतु एका दिवसाच्या शिबिरात माप घेऊन कवळीचे काम पूर्ण होत नाही. माप, जबड्यांचा मेळ, मेणातील दातांची चाचणी, कवळी बसविणे आणि टोचणारी जागा घासून देणे, यांसाठी अनेक फेऱ्या कराव्या लागतात. गावातील वृद्धास प्रत्येक फेरीस सोबत व वाहन मिळेल, अशी व्यवस्था पंचायत सदस्यांनी आणि शिक्षकांनी केली पाहिजे. यंत्राची वाट पाहत कोणी कवळीवाचून राहू नये, आणि मिळालेली कवळी न बसल्याने ती फडताळात पडून राहू नये, याची दक्षता घेणे अगत्याचे आहे.