हौशी माणसाचा कॅमेरा



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावणे धाडले, तेव्हा प्रथम वाटले की त्यांची काही गल्लत झाली असावी. या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशा भारदस्त विषयांवर बोलले जाते. मी पडलो धुळ्याचा एक निवृत्त शाळामास्तर. पोटापाण्याचा धंदा गणित शिकवण्याचा आणि फोटो काढणे ही निव्वळ हौस. परंतु चालक म्हणाले, 'हौशी माणसांनाच ऐकायचे आहे. कोणता कॅमेरा घ्यावा आणि त्याचे आकडे कसे लावावेत, तेवढे सांगा.' तेव्हा तेवढेच सांगतो.

आरंभी एक कबुली देतो. १९८७ सालची गोष्ट. श्रावणात आमच्या घरी कानबाई बसल्या होत्या. सोमवारी सकाळी विसर्जनाची मिरवणूक निघाली. आई कानबाई डोक्यावर घेऊन उंबऱ्यात क्षणभर थांबली. मी घरात उभा, पाठीमागे अंगणात लख्ख ऊन. एका स्नेह्याचा, सगळे आपोआप करणारा कॅमेरा मी मागून आणलेला होता. कळ दाबली. फोटो धुऊन आला, तेव्हा अंगण सुरेख, तोरण सुरेख, आणि आईच्या चेहऱ्याच्या जागी काळा डाग. निगेटिव्हवरही काही उमटलेले नव्हते, त्यामुळे दुसरी प्रत काढूनही उपयोग नव्हता. पुढच्या श्रावणात आई नव्हती. कॅमेऱ्याचा दोष काडीचाही नव्हता. त्याने समोर मावेल तेवढ्या उजेडाची सरासरी काढली आणि त्याप्रमाणे आपले काम केले. ही सरासरी चुकणार आहे, हे मला ठाऊक हवे होते. दोन पावले पुढे जाऊन चेहऱ्यावरचा उजेड मोजला असता, किंवा आईला अंगणाकडे तोंड करून उभी राहा असे सांगितले असते, तरी भागले असते. आज मी जे बोलणार आहे ते बहुतेक त्या एका फोटोने मला शिकवलेले आहे.

कॅमेऱ्यात मुळी तीनच गोष्टी फिरवायच्या असतात. शेतात दारे धरणाऱ्याला त्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. पाटाचे पाणी वाफ्यात सोडायचे तर दार किती उघडले, किती वेळ उघडे ठेवले आणि वाफ्यातली जमीन किती पाण्यात भिजते, हेच पाहायचे. भिंगातले दार म्हणजे अ‍ॅपर्चर, वेळ म्हणजे शटर, आणि जमिनीचा गुण म्हणजे आयएसओ. दाराचे आकडे मात्र उलटे वाटतात: एफ २ मोठे दार आणि एफ १६ अगदी बारीक. त्यात गूढ काही नाही, साधा भागाकार आहे. ५० मिलिमीटरच्या भिंगाला एफ २ म्हणजे २५ मिलिमीटर व्यासाचे दार, एफ ४ म्हणजे साडेबाराचे. व्यास निम्मा झाला म्हणजे क्षेत्रफळ चौथाई होते. म्हणून २ आणि ४ यांच्यामध्ये २.८ ची एक पायरी आहे. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढत गेलो की प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो. (गणिताच्या मास्तराला एवढी मोकळीक द्यावी.) शटरचेही तसेच: १/१२५ सेकंदावरून १/२५० वर गेलो की उजेड निम्मा. तेव्हा एकीकडे एक पायरी कमी केली तर दुसरीकडे एक वाढवायची, एवढाच हिशेब.

आपल्या खानदेशात एक सोय मोठी आहे. ऊन कधी कमी पडत नाही. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० धरून एफ १६ आणि १/१२५ सेकंद लावले की फोटो बरोबर येतो. हा जुन्या फिल्मवाल्यांचा आडाखा आहे आणि आजच्या डिजिटल यंत्रालाही तो तितकाच लागू आहे. त्याच हिशेबाने एफ ११ ला १/२५० आणि एफ ८ ला १/५००. पोळ्याला शिंगे रंगवलेले बैल दौडत येतात, तेव्हा हा १/५०० कामाला येतो. १/६० ला बैलाचा नुसता फराटा उमटतो.

आता सरासरीच्या फसवणुकीकडे वळतो. कॅमेऱ्याला रंगरूप कळत नाही. समोरचे सगळे जग मध्यम करड्या छटेचे आहे अशी त्याची समजूत असते. जळगावकरांनी याचा प्रयोग आपल्याच गावात करून पाहावा. एखाद्या जिनिंगच्या आवारात कापसाचा डोंगर पडलेला असतो. चौकटभर कापूस घेऊन फोटो काढा. पांढराशुभ्र माल करडा, मळकट दिसेल; व्यापारी तो पाहून भाव पाडील. कारण कॅमेऱ्याला एवढा पांढरेपणा सोसला नाही, त्याने दार आवळले. मग नांगरून टाकलेल्या काळ्या कपाशीच्या रानाचा फोटो घ्या. ती काळीभोर माती राखेसारखी फिकी येईल. कॅमेऱ्यावर अधिक-उण्याची एक खूण असते. कापसाला तेथे अधिक एक ते दीड करावे, काळ्या मातीला उणे एक. उजेडाला पाठ करून उभ्या असलेल्या माणसाला अधिक दीड, प्रसंगी दोन. मोबाईलवर चेहऱ्यावर बोट टेकवून सूर्याची खूण वर सरकवली की हेच होते. १९८७ साली मला एवढे ठाऊक असते तर!

मोबाईलचे नाव निघालेच आहे, तर सांगून टाकतो. 'मास्तर, मोबाईल असताना कॅमेरा घ्यावा काय?' असे मला आठवड्यातून एकदा तरी कोणी विचारते. उन्हातले फोटो, घरातली मुले, वांग्याच्या भरिताची पार्टी, एवढ्यासाठी घेऊ नये. खिशातला मोबाईल रुमालाने पुसून घ्यावा, कारण निम्मे धुरकट फोटो भिंगावरच्या बोटांच्या तेलाने आलेले असतात. दूरचे पक्षी टिपायचे असतील, अंधारात काम करायचे असेल किंवा मोठ्या प्रती छापायच्या असतील, तर कॅमेरा घ्यावा. तोही गेल्या वर्षीचा किंवा जुना चालेल. पैसे यंत्रापेक्षा भिंगावर घालावेत. यंत्र चार-पाच वर्षांत जुने होते, भिंग जन्माला पुरते. जुने भिंग घेताना दोन्ही टोपणे काढून उजेडाकडे धरावे आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का ते पाहावे. ती बुरशी असते. ती दिसली तर फुकट मिळाले तरी घेऊ नये.

साहित्याच्या हव्यासाविषयी बोलताना चाळीसगावच्या केकी मूस यांचे नाव टाळता येत नाही. १९१२ साली जन्मलेला हा पारशी कलावंत विलायतेत कला शिकून आला आणि चाळीसगावच्या आपल्या घरात जो राहिला, तो १९८९ साली मरेपर्यंत क्वचितच उंबऱ्याबाहेर पडला. टेबलावर लहानसहान वस्तू मांडायच्या, प्रकाश योजायचा आणि असा फोटो काढायचा की पाहणाऱ्याला खरेखुरे निसर्गदृश्य वाटावे, ही त्यांची करामत. त्यांचे घर आज कलादालन म्हणून जपलेले आहे. नवे भिंग घेण्यासाठी ज्यांचा जीव तळमळतो, त्यांनी आधी चाळीसगावचे तिकीट काढावे. खर्च पुष्कळ वाचेल.

मात्र एका ठिकाणी भिंगाची उणीव खरोखर भासते, ते म्हणजे अजिंठा. जळगावपासून साठेक किलोमीटर, तेव्हा आपल्यापैकी बहुतेक जण पाहुण्यांना घेऊन जातातच. तेथे फ्लॅशला मनाई आहे. ती योग्यच आहे. तिपाई लावायची तर परवानगी काढावी लागते. बाहेर डोळे दिपवणारे ऊन आणि आत चित्रांपाशी समईएवढा उजेड. कॅमेऱ्याबरोबर मिळणारे भिंग लांबवले की एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. त्याने अर्धा सेकंद हात स्थिर धरावा लागेल, आणि तो कोणाचाच राहत नाही. तेथे एफ १.८ चे ३५ किंवा ५० मिलिमीटरचे साधे भिंग न्यावे. आयएसओ ३२०० आणि १/२० ते १/३० सेकंद. कोपरे बरगड्यांना टेकवावीत, श्वास अर्धा सोडून कळ हलकेच दाबावी, लागोपाठ तीन-चार फोटो घ्यावेत. एखादा ठाक येतो. थोडे दाणे दिसले तर दिसू द्यावेत. दाणेदार फोटो पाहता येतो, हललेला पाहवत नाही. आणि आधारासाठी भिंतीला टेकू नये, हे वेगळे सांगायला नको; तरी सांगतो, कारण टेकलेले लोक मी पाहिले आहेत. बिनॉय बेहल यांचे अजिंठ्याच्या चित्रांचे पुस्तक १९९८ साली निघाले. त्यातले फोटो झगझगीत दिवे न लावता, कॅमेऱ्याचे दार दीर्घ काळ उघडे ठेवून घेतलेले आहेत. ते पाहिले म्हणजे अंधुक उजेडात किती रंग दडलेले असतात ते समजते.

अजिंठ्याची आणखी एक हकीकत या विषयाशी निगडित आहे. मद्रासच्या फौजेतला रॉबर्ट गिल नावाचा अधिकारी १८४४ साली तेथील चित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमला गेला. वर्षानुवर्षे खपून त्याने मोठमोठी तैलचित्रे केली आणि ती लंडनला पाठवली. १८६६ साली क्रिस्टल पॅलेसला आग लागली, तीत त्यांपैकी बहुतेक जळून गेली. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या, आणि १८८५ सालच्या आगीत त्यांतल्याही बऱ्याच गेल्या. गिलने चित्रांच्या जोडीला कॅमेराही चालवला होता. त्याचे फोटो १८६४ साली पुस्तकांतून प्रसिद्ध झाले, अनेक हातांत गेले, म्हणून उरले. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

आपण काय करतो? दहा वर्षांचे लग्न-मुंजीचे फोटो एका मोबाईलमध्ये ठेवतो, आणि तो मोबाईल विहिरीत पडतो. तेव्हा फोटो दोन ठिकाणी ठेवावेत, आणि ती दोन ठिकाणे एकाच कपाटात नसावीत. एक संच भावाकडे पाठवावा, त्याचा आपल्याकडे ठेवावा. शिवाय वर्षातून वीस-पंचवीस फोटो निवडून कागदावर छापून घ्यावेत. पूर्वी आग्फा क्लिकच्या एका रोलमध्ये अवघे बारा फोटो निघत. त्यामुळे निवड आधीच होत असे. आता ती मागाहून करावी लागते, आणि ती करायचा आपल्याला कंटाळा येतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

जपणुकीचे थोडे राहिले. वैशाखात कॅमेरा बंद मोटारीत ठेवू नये. तापलेल्या डब्यात भिंगातले वंगण पातळ होऊन दाराच्या पात्यांवर उतरते. आपल्याकडची धूळ बारीक. भिंग बदलायचे तर यंत्राचे तोंड खाली करून बदलावे, आणि आत तोंडाने फुंकू नये, थुंकी उडते. रबरी फुगा मिळतो, तो वापरावा. पावसाळ्यात चामड्याच्या पेटीत ठेवू नये, ती ओल धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात ठेवावा, आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून चालवावा. न वापरलेल्या भिंगाला बुरशी लवकर गाठते.

वेळ झाल्याची खूण अध्यक्षमहाराज करीत आहेत. माझा कॅमेरा आणि ते एफ १.८ चे भिंग बाहेर व्हरांड्यातल्या टेबलावर मांडून ठेवले आहे. ज्यांना दार उघडझाप करून पाहायचे असेल त्यांनी खुशाल हाताळावे. फक्त काचेला बोट लावू नये.