उपवास आणि उपासमार



पर्युषण पर्व जवळ आले की मोहोळच्या जैन घरांतून एकाशन-उपवासांचे संकल्प होतात. त्यांतील कित्येक घरांत आता मधुमेहाच्या गोळ्याही असतात. मग आजीला उपवास करू द्यावा की नाही, हा प्रश्न उभा राहतो. उत्तर शोधताना उपवास आणि उपासमार यांतील भेद जाणणे अगत्याचे आहे.

अमेरिकेतील सॉल्क संस्थेच्या सच्चिदानंद पांडा यांच्या गटाचा प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. उंदरांच्या दोन गटांना एकच स्निग्ध आहार दिला गेला. एकाला अहोरात्र, दुसऱ्याला केवळ आठ तास. उष्मांक जवळजवळ सारखेच पोटात गेले. तरीही पहिला गट स्थूल झाला, त्याच्या रक्तात इन्सुलिन वाढले. दुसरा बव्हंशी निरोगी राहिला. उंदीर निशाचर, म्हणून त्यांची भोजनवेळ रात्रीची, मनुष्याची दिवसाची. रात्रिभोजनत्यागाचे मूळ जीवदयेत आहे. परंतु भोजनाला काळाची मर्यादा असणे देहालाही हितकर, असा संकेत येथे मिळतो.

दुसरे संशोधन आनंदवर्धन हर्डीकर, पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकारी यांचे, २०१५ सालचे. पन्नास पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या उंदरांची पिले जन्मतः कमी वजनाची, तरी पोटात चरबी अधिक आणि मधुमेहाकडे कल असलेली निघाली. पुढे दोन पिढ्यांना पुरेसे अन्न देऊनही तो दोष हटला नाही. उंदराचे माप मनुष्याला तंतोतंत लागू होत नाही. परंतु १८७६-७८ आणि १९७२ चे दुष्काळ सोसलेल्या सोलापूर जिल्ह्याने यावर विचार करावा.

उपवास स्वेच्छेचा व मर्यादित असतो. उपासमार लादलेली असते आणि तिचे ओझे पुढील पिढ्याही वाहतात. म्हणून गर्भवती स्त्रिया व वाढत्या वयाच्या मुली यांचे पोषण हेही धर्मकार्यच होय. इन्सुलिन अथवा गोळ्या घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना उपवास धरू नये. घाम, कंप, भोवळ जाणवताच साखर घेऊन उपवास सोडावा; त्यात कमीपणा नाही. अशांना अवमौदर्य, म्हणजे भुकेपेक्षा थोडे कमी जेवणे, हे तप वैद्याच्या संमतीने आचरता येते. पारण्याच्या दिवशी मिष्टान्नांची रास मांडणेही टाळावे.

हे ज्ञान मुक्या जीवांच्या यातनांतून आले आहे. क्षमावाणीच्या दिवशी त्यांचीही क्षमा मागावी आणि ते ज्ञान वाया जाऊ देऊ नये.

जय जिनेंद्र!