नाव तरी विचारायचं

मायबापहो, दुसऱ्याच्या दुःखापुढे आपलं तोंड फार चालतं. माझंही चाललं होतं, तेच आज सांगतो.

३० सप्टेंबर १९९३. गणपती पोचवून माणसं दमून झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या भागात धरणी हलली. घरं कशी, तर मातीत रचलेले दगड आणि वर जाड मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच माळवद झोपलेल्या लेकरांवर आलं. हजारो माणसं गेली.

त्या हिवाळ्यात मी तिकडे पत्र्याच्या शेडांपुढे कीर्तनाला उभा राहिलो. वय तिशीचं, पाठांतर ताजं. देह नाशिवंत कसा ते सांगितलं, प्रारब्ध सांगितलं, दृष्टांतावर दृष्टांत दिले. टाळकऱ्यांनी माना डोलावल्या. लोक पाया पडून गेले. एक आजी तेवढ्या मागे थांबल्या.

"म्हाराज, तुमचं समदं खरं हाय. पर माझी नात भिंतीखाली गेली. तिचं नाव तरी इचारायचं व्हतं."

मी गप्प. मग विचारलं. आजींनी नाव सांगितलं (ते इथे सांगत नाही, ते त्यांचं आहे) आणि उजाडेपर्यंत बोलत राहिल्या. मी नुसता हुंकार देत होतो.

पुढे ५२ गावं नव्या जागी वसली. घराचं माप जमिनीवर ठरलं. ज्याला जमीन नाही किंवा थोडकी, त्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. घरं पक्की, रस्ते रुंद. पण जुन्या आळीत भिंतीला भिंत होती. पलीकडे कुणी खोकलं तरी इकडे कळायचं! आता आजींची शेजारीण गेली गावाच्या दुसऱ्या टोकाला. आजी स्लॅबखाली झोपेनात. ट्रक गेला तरी दचकून अंगणात यायच्या. लोक म्हणायचे, देवाचं नाव घ्या, जाईल भीती. अहो, त्या नाव घेतच होत्या! पाय मोडला तर आपण नुसती माळ हातात देतो का? मनालाही मार बसतो, बरं का, आणि त्यालाही डॉक्टर असतो. तिथं नेल्यानं भक्ती उणी होत नाही.

तुकोबाराय पाहा. १६३० च्या दुष्काळात घरची माणसं गेली, व्यापार बुडाला. परंपरा सांगते, त्यानंतर आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडली. दुष्काळानं मोडलेल्या कुळांच्या डोक्यावरचं ओझं आधी उतरवलं. मी मात्र शेडपुढे आधी प्रारब्ध सांगत बसलो. विठ्ठल विठ्ठल.

आजींचं पुढे काय झालं? जुन्या आळीतल्या चौघींनी आपसांत ठरवलं, रोज तिन्हीसांजेला एकीनं तरी आजींकडे जायचं. एकादशीला तर सगळ्याच त्यांच्या ओट्यावर. हरिपाठ व्हायचा, मग गेलेल्या एकेकाची आठवण निघायची. कोण कसा चालायचा, कोण कसा भांडायचा. रडायच्या, हसायच्याही. एकदा मी गेलो, तर आजी म्हणाल्या, "म्हाराज, आज बोलू नगा. बसा."

मी मागे बसून टाळ धरला.