सेमिनरीची घंटा आणि गावाची भाषा



मराठी ख्रिस्ती साहित्याच्या व्यासपीठावरून अध्यक्षाने वर्षभरातल्या पुस्तकांचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. आज ती बाजूला ठेवतो. आपल्याकडे किती तरी फादर लिहिते झाले. पण ते कुठे घडले, कोणाच्या सोबतीने घडले, याविषयी आपण बोलत नाही. मला धर्मगुरू घडवणाऱ्या त्या घराविषयी, सेमिनरीविषयी बोलायचे आहे.

ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली धर्मप्रांतांनी सेमिनऱ्या काढाव्यात असे ठरवले. 'सेमिनरी' ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा मूळ अर्थ रोपवाटिका. वसईच्या वाडीत वाढल्यामुळे मला तो अर्थ चटकन कळतो. वाफ्यातले रोप वेळेवर उपटून दुसऱ्या जागी लावावे लागते, नाहीतर दाटीत ते खुरटते. मिशनरी म्हणजे तर परक्या मातीत लावायचे रोप. त्या मातीची पहिली ओळख होते ती भाषेतून.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात उतरले आणि पुढची चाळीस वर्षे त्यांनी तिथेच काढली. पुराणे ऐकत वाढलेल्या तिथल्या साष्टी भागातल्या नवख्रिस्ती लोकांना नुसत्या प्रश्नोत्तरीने समाधान मिळेना. स्टीफन्स यांनी लोकांची ही भूक ओळखली. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापले गेले: रोमन लिपीत, पण मराठीत आणि ओवीत. ऑक्सफर्डच्या परिसरात किंवा रोमच्या नवशिष्यगृहात ओवी शिकवत नव्हते. ती त्यांनी इथल्या माणसांच्या तोंडून उचलली. धर्मगुरूची घडण गुरुदीक्षेपाशी संपत नाही, याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही. पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले आणि तीन वर्षांत पोर्तुगीज शिका असे लोकांना बजावले. स्टीफन्स लोकांची भाषा शिकले होते. राज्यकर्त्यांनी लोकांनाच आपली भाषा शिकायला लावली. ही दुसरी वाट ख्रिस्ताची नव्हे, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

स्टीफन्स ज्या येशूसंघाचे, त्याचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी संघाच्या संविधानात नवशिष्यांसाठी सहा कसोट्या सांगितल्या. महिनाभर मौनात साधना, महिनाभर रुग्णालयात सेवा आणि महिनाभर पैसा न घेता, भिक्षा मागत यात्रा. उरलेल्या कसोट्यांत घरातली हलकीसलकी कामे, मुलांना धर्मशिक्षण आणि प्रवचन येते. माधुकरी आणि वारी ठाऊक असलेल्या मराठी माणसाला यात परके काय वाटावे? फादर गी दलरी हे फ्रेंच येशूसंघीय पंढरपूरच्या वाटेवर वारकऱ्यांबरोबर चालले आणि विठ्ठलभक्तीवर त्यांनी पुस्तक लिहिले, त्याचे मला म्हणूनच नवल वाटत नाही.

आता सहजीवनाविषयी. तेराव्या लिओ पोपमहोदयांनी १८९३ साली कँडीला स्थापलेली सेमिनरी १९५५ मध्ये पुण्याला आली. तेव्हापासून देशाच्या कानाकोपऱ्यातली मुले या शहरात धर्मगुरू होण्यासाठी शिकत आली आहेत. मी ज्या सेमिनरीत होतो तिथेही तेच चित्र होते. पहाटेची घंटा, चॅपेल, मिस्सा, वर्ग, बागकाम, भांडी आणि रात्रीचे मौन. तमिळ ब्रदरला, म्हणजे माझ्या सहविद्यार्थ्याला, भात हवा असे, मला भाकरी, आणि दोघांनाही ताटात पडेल ते खावे लागे. एका पावसाळ्यात मला विषमज्वर झाला. खासी टेकड्यांतला एक ब्रदर रात्रभर माझ्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसला होता आणि स्वतःच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होता. शब्द एकही कळला नाही, पण तो माझ्यासाठीच प्रार्थना करतो आहे हे कळले. प्रेषितकार्यावरची पुस्तके मी नंतर वाचली.

तिथली एक उणीव मला आजही सलते. तत्त्वज्ञान इंग्रजीत, ईशज्ञान इंग्रजीत, जेवणाच्या टेबलावरच्या गप्पाही इंग्रजीत. मराठीच्या वाट्याला शनिवारचा अर्धा तास. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये मिशनरींनी लोकांची भाषा सहज, शुद्ध बोलण्याइतकी आत्मसात करावी असे सांगितले, ते आम्ही इंग्रजीतच वाचले! म्हणून या व्यासपीठावरून मागतो: महाराष्ट्रात सेवा करणार असलेल्या प्रत्येक ब्रदरला पहिल्या वर्षापासून मराठी शिकवा, आठवड्यातून दोन दिवस भोजनगृहात मराठीच बोला. आणि लेखकहो, तुम्ही सेमिनरीत या. व्याख्यान द्यायला नको, महिनाभर राहायला या.

मला मराठी खऱ्या अर्थाने कळू लागली ती रीजन्सीत, म्हणजे शिक्षणाच्या मधल्या सेवाकाळात. तत्त्वज्ञान संपल्यावर दोन वर्षे मला नगरकडच्या एका दुष्काळी गावातल्या बोर्डिंगवर पाठवले होते. रोज सायंकाळी मी मुलांकडून प्रभूची प्रार्थना म्हणवून घेई. त्या प्रार्थनेत आपण मराठी माणसे देवाजवळ पाव मागत नाही, भाकर मागतो. एका वर्षी ज्वारी हाती लागली नाही. स्वयंपाकघरातल्या आजीने मला बोलावले आणि पिठाचा डबा तिरका करून दाखवला. "ब्रदर, आज निम्मी-निम्मी थापते, पोरांना सांगा." मी सांगायला गेलो. मुले आधीच हात जोडून उभी होती आणि प्रार्थना सुरू झाली होती. भाकरीच्या ओळीपाशी माझा आवाज निघेना. मोठ्या मुलांनी ती ओळ माझ्याशिवायच पुरी केली आणि सगळे जेवायला बसले.