हृदयाची नवी झडप आणि रात्रीची झोप



मी डॉक्टर नव्हे. सरकारी फायलींत आयुष्य घालविलेला एक बी. ए. आहे. परंतु धाकट्या बंधूंच्या हृदयाची झडप बदलल्यानंतर त्यांच्या उशाशी ज्या रात्री काढल्या, त्यांविषयी बोलण्याचा अधिकार मला आहे असे वाटते.

लहानपणीच्या सांधेज्वराने झडपा निकामी झालेले रुग्ण आपल्या देशात पुष्कळ. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेने सिद्ध केलेली भारतीय झडप १९९० च्या डिसेंबरात प्रथम रुग्णाला बसविली गेली. बंधूंची झडप तीच. तिची झुलती चकती मिटताना टक् असा आवाज होतो. दिवसा तो कोणाच्या ध्यानीही येत नाही. घर निजले म्हणजे मात्र भिंतीवरच्या घड्याळासारखा ऐकू येतो, आणि हे घड्याळ स्वतःच्याच छातीत! आम्ही मोबाइलवर मंद तंबोरा लावून ठेवू लागलो. पुढे कान सरावले.

पण झोप उडण्याचे कारण केवळ आवाज नव्हे. अतिदक्षता विभागात अहोरात्र दिवे आणि यंत्रांची कुरकुर. तेथे विस्कटलेली झोप घरी येताच जागेवर येत नाही. छातीचे हाड मधोमध कापून तारांनी बांधलेले असते, ते पुरते सांधेपर्यंत दोन-तीन महिने जातात. तोवर कुशीवर वळणे अवघड. पाठीशी उशा रचून टेकून निजल्याने बंधूंना आराम पडे. लघवीची गोळी संध्याकाळची असेल तर निम्मी रात्र न्हाणीघराच्या वाटेवर जाते. ती सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी किंवा काढा मात्र त्यांना विचारल्यावाचून घेऊ नये. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचे प्रमाण त्याने बिघडू शकते, आणि अशी झडप असणाऱ्यास ते औषध जन्माचे सोबती.

एक गोष्ट मात्र घरातील प्रत्येकाने पक्की ध्यानात ठेवावी. टक् टक् एकाएकी बुजली वा थांबली, तर ‘बरे झाले, आता झोप लागेल’ असे म्हणू नये. झडपेत गुठळी अडकलेली असू शकते; त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. आडवे होताच दम लागत असेल, तर तोही निद्रानाश नव्हे.

बहुतेकांची झोप काही आठवड्यांत, काहींची काही महिन्यांनी सुधारते. तोवर जागणार कोण? गावी चार माणसे पाळ्या लावतात. येथे सारा भार एकट्या पत्नीवर, आणि सकाळी दूधवाल्याला दारही तीच उघडते. आमच्या वहिनी नवव्या रात्री बसल्या जागी कलंडल्या, तेव्हा मंडळातील दोघे गृहस्थ न बोलावता आले व तीन रात्री राहिले. आपल्या मंडळाजवळ नाटकाच्या तालमींची वही आहे, वर्गणीची आहे. रात्री जागू शकणाऱ्यांचीही एक असावी. चिटणीसांनी ती आजच उघडावी आणि पहिले नाव माझे लिहावे. पुढल्या वर्षी मी सेवानिवृत्त होत आहे, शनिवारची अट राहणार नाही.