घरचं रेकॉर्डिंग: आजी, पंखा आणि दोन गोधड्या

दिवाळीत गावी आजीच्या ११ ओव्या फोनवर रेकॉर्ड केल्या. पुण्यात येऊन हेडफोन लावले, तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, वर पंख्याची घरघर. ऑडॅसिटीत नॉइज रिडक्शन मारलं, दणकून मारलं, तर आजी पाण्याखालून गातेय असं वाटायला लागलं! सॉफ्टवेअर सगळं निस्तरेल हा आमचा इंजिनिअरांचा भ्रम.

संक्रांतीला मित्राचा माइक घेऊन परत गेलो. पंखा, फ्रिज बंद. आजीच्या मागे दोरीवर दोन गोधड्या, म्हणजे भिंतीवरून परतणारा घुमारा कमी. माइक तोंडापासून वीतभर, जरा तिरका, नाहीतर ‘प’, ‘फ’चे फटके बसतात. अंतर निम्मं केलं की थेट आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. खरी कमाई इथे आहे. लेव्हल उणे १२ च्या आसपास, कारण क्लिप झालेला आवाज धड परत मिळत नाही. आणि आधी १० सेकंद नुसती शांतता, नॉइज प्रोफाइलसाठी.

पण आजीला आता दम लागतो. २ च ओव्या झाल्या. उरलेल्या ९ दिवाळीच्याच आहेत. त्यांना हलकं रिडक्शन दिलंय, पंखा थोडा राहू दिलाय. ऐकवतो.