दिसायला ठीक आहे, पण तास किती झालेत?

मी बोलतोय शेलूहून. वांगणी आणि नेरळच्या मधलं आमचं स्टेशन. चोवीस वर्षं बोटीवर इंजिनरूममध्ये काढली, आता घरी असतो. संध्याकाळी जवळच्या एका व्यायामशाळेत मुलांच्या जिम्नॅस्टिक्सची साधनं बघतो. लोक विचारतात, बोटीचं इंजिन आणि रिंग्ज यांचा संबंध काय? आज तेच सांगतो.

बोटीवर वीज देणारे जनरेटर बहुतेक फोर-स्ट्रोक इंजिनावर चालतात. त्यात कनेक्टिंग रॉड खाली क्रँकशाफ्टला बोल्टनं आवळलेला असतो. प्रत्येक फेऱ्यात त्या बोल्टवर ताण येतो, सुटतो. असं लाखो वेळा. कधीतरी आत बारीक तडा जातो आणि बोल्ट तुटतो. मग रॉड क्रँककेस फोडून बाहेर येऊ शकतो. समोर माणूस असला तर संपलंच. म्हणून इंजिन बनवणाऱ्यानं ठरवून दिलेले तास भरले, की ते बोल्ट बदलायचे. चकाचक दिसत असले तरी. ज्युनिअर असताना मी एकदा विचारलं, "सर, चांगले आहेत की, कशाला फेकायचे?" चीफ म्हणाले, "धातू थकलेला दिसत नाही रे. तास मोज."

आता रिंग्ज. जमिनीपासून २८० सेंटीमीटर उंच, दोघींमध्ये ५० सेंटीमीटर अंतर. वर तारेचे दोर. मुलगा नुसता लटकला तर त्याचं वजन तेवढं. पण झोका घेऊन जोरात खाली आला, की तळाशी वजनाच्या कित्येक पट ओढ बसते. रोज, पुन्हा पुन्हा. म्हणजे बोल्टचीच गोष्ट. आपला टांगता मल्लखांबही हुक-साखळीवरच असतो.

चूक माझीही. वर्षभर मी खालूनच बघून "ठीक आहे" म्हणत होतो. मागच्या पावसाळ्यात शिडी लावून वर चढलो. क्लॅम्पजवळ दोरावर प्लास्टिकचं वेष्टण, त्याच्या कडेला तांबूस डाग. सराव थांबवला. स्पर्धा पंधरा दिवसांवर. एक पोरगा रडवेला झाला, "काका, कालपर्यंत तर चालत होतं!" मोठी माणसंही नाराज. दुसऱ्या दिवशी वेष्टण कापलं. आतल्या निम्म्या तारा तुटलेल्या. सगळे गप्प. त्या रात्री मला झोप नाही. त्याच दोरावर त्या पोराला मीच चढवत होतो ना!

बोटीवर वजन उचलण्याच्या सामानाची दरवर्षी जाणकाराकडून तपासणी होते, पाच वर्षांनी भार लावून चाचणी होते, आणि सगळ्याची नोंद राहते. आता आमच्याकडेही एक शंभरपानी वही आहे. दोर बसवल्याची तारीख, दर शनिवारी पिन, हुक, तार बघितल्याची सही. गंज दिसला की साधन बंद, चर्चा नंतर.

नवा दोर यायला तीन आठवडे लागले. त्या पोराची स्पर्धा हुकली. अजून थोडा रुसलेला आहे, पण शनिवारी शिडी तोच धरतो.

तुमच्या गावातल्या व्यायामशाळेत जाऊन एवढंच विचारा, हा दोर कधी बसवला? उत्तर आलं नाही, तर पोरांना आधी खाली उतरवा.

चला, भेटू पुढच्या भागात.